हवामान बदलाला तोंड देण्यासाठी महापालिकेत वेगळा विभाग हवा, की आहेत त्याच विभागांचे नियम बदलायला हवेत?

नकाशे_आणि_नाले (प्रश्न)

समजा १०-१५ लाख वस्तीचं शहर आहे. अतिवृष्टीत सखल भाग तुंबतात आणि उन्हाळा वर्षागणिक जड जातो आहे. हवामान कृती आराखडा तयार झाला आणि सभागृहाने मंजूरही केला. त्यात उपायांची लांबलचक यादी आहे: झाडं, थंड छतं, मोठी गटारं, तलावांचं पुनरुज्जीवन. पण ही कामं कोणी करायची, कोणत्या अधिकारात आणि कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून), याबद्दल आराखड्यात एक ओळही नाही.

त्यामुळे माझे प्रश्न उपायांबद्दल नसून कारभाराच्या रचनेबद्दल आहेत.

१. स्वतंत्र हवामान विभाग काढावा, की प्रत्येक विभागात एक नोडल अधिकारी, म्हणजे या विषयाची जबाबदारी असलेला एक अधिकारी, नेमावा?
२. या यंत्रणेला नेमके कोणते अधिकार द्यावेत? नुसता समन्वय म्हटलं की बैठका होतात आणि इतिवृत्त निघतं, पुढे काही घडत नाही.
३. पाऊस, पूर, तापमान यांचे आकडे कामाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचवायचे कसे?
४. ज्या शहरांनी हे आधी केलं, तिथे काय फसलं?

---

पर्जन्यरेषा

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

पावसाळी पाण्याचं प्रत्येक काम एका आकड्यावर ठरतं: ताशी किती मिलिमीटर पाऊस धरायचा. तो आकडा कुठल्या तरी जुन्या नियमपुस्तिकेत असतो आणि कनिष्ठ अभियंत्यापासून सल्लागारापर्यंत सगळे तोच उचलतात. आराखड्यात काहीही लिहा, हा आकडा हलला नाही तर निविदा जुन्याच पावसासाठी निघते आणि तो पाइप पुढची ५०-६० वर्षं जमिनीत राहतो. म्हणून माझ्या मते पहिला बदल हाच.

तो करायचा कसा? शहरातल्या पर्जन्यमापकांची १५ मिनिटांची नोंद हवी. २४ तासांची बेरीज पुरत नाही, कारण छोटं पाणलोट क्षेत्र ३० ते ६० मिनिटांच्या सरीने तुंबतं. दिवसभरात १०० मिलिमीटर संथ पडला तर काही होत नाही, तोच पाऊस दीड तासात आला तर रस्ते बुडतात. निदान २५-३० वर्षांच्या नोंदी घेऊन तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचे आलेख नव्याने काढायचे. पुढच्या काळासाठी त्यावर वाढीव गुणक लावायचा आणि तो का लावला हे लिहून ठेवायचं. मग हा आकडा ठरावाने मंजूर करून तांत्रिक मंजुरीच्या तपासणी सूचीत घालायचा. नव्या आलेखावर न बसणाऱ्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरीच मिळता कामा नये. दर ५ वर्षांनी फेरआढावा, आणि त्याची तारीख त्याच ठरावात.

‘१० वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ या शब्दांनी सभागृहात फार गोंधळ होतो. त्याचा अर्थ दर वर्षी १० टक्के शक्यता. म्हणजे ५ वर्षांच्या एका कारकिर्दीत तो निदान एकदा येण्याची शक्यता ४१ टक्के. १०० वर्षांतून एकदाचा पाऊससुद्धा ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के असते. सदस्यांसमोर हेच आकडे ठेवावेत.

आता खरी अडचण. कुठल्याही पावसाला पुरेल एवढा पाइप टाकता येत नाही. २ जुलै २०११ रोजी डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या काही भागांत सुमारे दोन तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्यानंतर २०१२ मध्ये त्या शहराने ढगफुटी आराखडा केला आणि मानक दोन पातळ्यांवर ठेवलं. १० वर्षांतून एकदा येणारा पाऊस गटारांनी वाहून न्यायचा. १०० वर्षांतून एकदाच्या पावसात, पाणी साठवायला मुद्दाम राखलेल्या जागा सोडून, रस्त्यावर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी चढू द्यायचं नाही. या दुसऱ्या वाक्यासरशी रस्ते, उद्यानं, वाहतूक आणि नगररचना हे सगळे पूर नियंत्रणाचे विभाग होतात, कारण जादा पाणी त्यांच्या जागेवरून वाहणार असतं.

एक साधं उदाहरण. रस्त्याच्या कडेचा दगड १५० मिलिमीटर उंच असतो. न खरवडता प्रत्येकी ५० मिलिमीटर डांबराचे तीन थर चढवले की ती उंची संपली. मग रस्त्यावर मावणारं पाणी थेट घरांत शिरतं. पर्जन्य विभागाचा पाइप नवा कोरा असला तरी. यावर उपाय म्हणजे रस्ते विभागाच्या निविदेत दोन कलमं: आधी जुना थर खरवडणे, आणि काम संपल्यावर रस्त्याची तयार पातळी मोजून नोंदवणे. ही पातळीची नोंद नसेल तर अंतिम देयक नाही.

बांधकाम परवानगीचंही तसंच. सिंगापूरमध्ये २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर विकासकाला पाणी आत रोखून हळूहळू सोडावं लागतं. प्रवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला बाहेर वाहणारा वाटा, ०.५५ पर्यंत आणायचा असतो. ढोबळ हिशेब असा: २,००० चौरस मीटर जागा, ताशी ६० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासात १२० घनमीटर पाणी. सगळीकडे काँक्रीट असेल तर त्यातलं ९० टक्के, १०८ घनमीटर, बाहेर येतं. ५५ टक्क्यांवर ६६. मधले ४२ घनमीटर टाकीत धरायचे. टाकी दीड मीटर खोल धरली तर २८ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे दोन मोटारींच्या जागेपेक्षा थोडी जास्त. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर टाकीवर स्लॅब पडतो आणि तिचं कोठार होतं, ते या जागेच्याच मोहापायी. म्हणून परवानगीबरोबर दर वर्षी पावसाळ्याआधीची तपासणी सक्तीची हवी. त्या तपासणीसाठी माणसं नसतील तर नियम आणण्याआधी माणसं मिळवा.

---

फाईलवाट

पर्जन्यरेषा यांचं बरोबर आहे, पण ते पुरेसं नाही असं माझं ठाम मत आहे. मानक बदललं तरी त्यातून सूट मागणाऱ्या फाईली दुसऱ्याच महिन्यापासून यायला लागतात. त्या अडवायला कोणी नसेल तर दोन वर्षांत अपवाद हाच नियम होतो. म्हणून छोटी का होईना, एक यंत्रणा लागतेच.

पण स्वतंत्र मोठा विभाग काढू नका. तसा विभाग निघाला की बाकीचे विभाग हात झटकतात: ‘हवामानाचं ते बघतील.’ आणि त्या विभागाकडे ना पाइप, ना रस्ता, ना परवानगीचा शिक्का. पर्यावरण विभागाखाली कक्ष ठेवला तरी हीच गत होते. तो रस्ते आणि नगररचना विभागांच्या बरोबरीच्या पातळीवर असतो आणि बरोबरीचा अधिकारी दुसऱ्याला आदेश देऊ शकत नाही. कक्ष ५ ते ७ जणांचा असावा आणि थेट आयुक्तांच्या, किंवा जिथे महापौरच प्रशासनप्रमुख असतो तिथे महापौरांच्या, कार्यालयात बसावा. त्यात एक जलविज्ञान जाणणारा अभियंता, एक नगररचनाकार, एक सार्वजनिक आरोग्य जाणणारा, एक लेखा विभागातला आणि एक नकाशे व विदा (डेटा) सांभाळणारा. लेखा विभागातल्या माणसाला बहुतेक जण विसरतात. तो नसला तर प्रस्ताव वित्त विभागाच्या पहिल्याच शेऱ्यावर अडतो.

अधिकारांबद्दल. ‘समन्वय’ हा शब्द आदेशातून काढून टाका. त्याऐवजी, पुढील फाईली कक्षाच्या लेखी अभिप्रायाशिवाय मंजुरीला जाणार नाहीत, असं लिहा: विकास आराखड्यातले बदल, नाला-तलाव-मोकळ्या जागेचा वापरबदल, ठरावीक रकमेवरची भांडवली कामं आणि बांधकाम नियमांतली सूट. अभिप्रायाला १५ दिवसांची मुदत द्या, नाहीतर कक्षामुळे कामं रखडतात अशी ओरड होते आणि ती रास्त असते. मुदतीत अभिप्राय आला नाही तर फाईल आपोआप मंजूर समजू नये. ती थेट प्रशासनप्रमुखाच्या टेबलावर जावी. अभिप्राय डावलायचा असेल तर डावलता येईल, पण कारण लिहून आणि सहीनिशी. हे कारण लिहिण्याचं बंधन कागदावर किरकोळ वाटतं, पण बऱ्याच सवलतींचे अर्ज तिथेच थांबतात.

याचं सर्वांत जुनं उदाहरण जर्मनीतल्या स्टुटगार्टचं. शहर खोलगट भागात वसलेलं, वारा कमी. १९३८ मध्ये त्या नगरपालिकेने स्वतःचा हवामानतज्ज्ञ नेमला. रात्री डोंगरउतारावरून शहरात उतरणाऱ्या थंड हवेच्या वाटा तिथे नकाशावर आखल्या आहेत आणि त्या वाटांवर बांधकाम सुचवलं की शहर हवामानशास्त्राच्या शाखेचं मत भूवापराच्या प्रक्रियेत घेतलं जातं. ही शाखा इतकी वर्षं टिकली, कारण तिचं काम नियोजनाच्या रोजच्या प्रक्रियेचा भाग आहे.

फसण्याबद्दल विचारलंत. रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये ‘१०० रेझिलियंट सिटीज’ (संकटांना तोंड देऊ शकणारी शहरं) कार्यक्रम सुरू केला. शहरांमध्ये या कामासाठी खास अधिकारी नेमले गेले आणि सुरुवातीचा खर्च कार्यक्रमाने उचलला. २०१९ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. ज्या शहरांनी ते पद तोवर स्वतःच्या आस्थापनेत घेतलं होतं त्यांचं निभावलं. बाकीच्यांपुढे पगाराचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा पद अनुदानातून सुरू करायला हरकत नाही, पण पहिल्याच वर्षी त्याला मंजूर आकृतिबंधात (पदांच्या अधिकृत यादीत) जागा मिळवा.

आणि शक्य असेल तर कायद्याचा आधार घ्या. न्यूयॉर्कने २००८ मध्ये शास्त्रज्ञांचं सल्लागार मंडळ नेमलं आणि २०१२ मध्ये स्थानिक कायदा करून ते कायम केलं. समुद्रपातळी आणि तापमानाचे कोणते अंदाज शहराने धरायचे हे त्या मंडळाच्या अहवालांवरून ठरतं. महापौर बदलला तरी मंडळ राहतं.

नोडल अधिकाऱ्यांची कल्पना मला टाकाऊ वाटत नाही. फक्त ते काम त्या माणसाच्या कर्तव्यसूचीत आणि वार्षिक गोपनीय अहवालात असायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एकच सर्वसमावेशक आराखडा विभागांच्या गळी उतरेना, तेव्हा आरोग्य, पाणी आणि आपत्ती व्यवस्थापन या विभागांसाठी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कामांना धरून वेगवेगळे अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे) आराखडे केले गेले. विभागाला स्वतःचं काम त्यात दिसलं की तो हलतो.

---

सावली_नोंद

वरची दोन्ही उत्तरं पाण्याभोवती फिरतात. उष्णतेचं काम वेगळ्या जातीचं आहे. इथे पाइप नसतो, असते ती हुकमांची साखळी: कोणत्या तापमानाला, कोणी, किती तासांत, काय करायचं.

अहमदाबादला मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. त्यात कमाल तापमान साधारण ४१ अंशांच्या पुढे पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ पासून लाल इशारा अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक रंगाला रुग्णालयं, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, शाळा यांची कामं जोडलेली. इशारा देणारा नोडल अधिकारी एकच.

दुसऱ्या शहराने हे अंश उचलून स्वतःच्या आराखड्यात चिकटवले तर चूक होते, आणि ही चूक सर्रास दिसते. दमट किनारी शहरात ३७-३८ अंशांनाही माणसं दगावतात, कारण घाम वाळत नाही. उंबरठा स्वतःच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून काढायचा: निदान ८-१० वर्षांचे रोजचे मृत्यू, त्याच दिवसांचं कमाल तापमान, किमान तापमान आणि आर्द्रता. मृत्यू कुठल्या बिंदूपासून वर सरकतात ते पाहायचं. मृत्यूच्या कारणावर विसंबू नका. उष्माघात असं फार थोड्या दाखल्यांवर लिहिलं जातं, बाकी हृदयविकार, मूत्रपिंड, श्वसनविकार या नावांखाली जातात. म्हणून एकूण मृत्यू मोजायचे. किमान तापमान धरलं नाही तर गरम रात्री निसटतात, आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला शरीर थंड करायला मिळणारा वेळ फक्त रात्रीचाच असतो.

यासाठी कारभारात बदल काय? जन्म-मृत्यू नोंदणी विभागाने रोजचा आकडा दुसऱ्या दिवशी आरोग्य विभागाला द्यायचा, एवढाच. पण लेखी आदेश नसेल तर तो आकडा तीन महिन्यांनी येतो आणि तोवर उन्हाळा संपलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. दुपारी बांधकाम बंद ठेवणं बहुधा कामगार खात्याच्या हातात असतं आणि वीज खंडित न करणं वीज कंपनीच्या. महापालिका स्वतःच्या कंत्राटांत मात्र अट घालू शकते: नारिंगी इशाऱ्याला १२ ते ४ काम बंद आणि त्या दिवसांची मुदतवाढ आपोआप मंजूर. मुदतवाढीचं कलम नसेल तर कंत्राटदार विलंबाच्या दंडाच्या धास्तीने काम चालू ठेवतो.

फ्रान्समध्ये २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० माणसं गेली. त्यात एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. २००४ च्या कायद्याने तिथल्या महापौरांवर अशा व्यक्तींची नोंदवही ठेवण्याचं बंधन आलं, म्हणजे इशारा लागला की त्यांना फोन करता येतो. पण नाव नोंदवणं ऐच्छिक आहे आणि जो सगळ्यांत एकटा, तो नाव नोंदवत नाही. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांकडून ही यादी भरली तर ती खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचते.

२०२१ पासून अमेरिकेतल्या मायामी-डेड, ग्रीसमधल्या अथेन्स आणि सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन इथे उष्णतेसाठी स्वतंत्र मुख्य अधिकारी नेमले गेले. मला हे पद उपयोगी वाटतं, कारण पुरासाठी सगळीकडे कोणी ना कोणी जबाबदार असतं, उष्णतेला वालीच नसतो.

---

नकाशे_आणि_नाले

तिघांचेही मनापासून आभार. कक्षाच्या आदेशाचा माझा मसुदा आता त्यानुसार बदलतो. दोन गाठी राहिल्या आहेत. भांडवली कामाला कर्ज किंवा अनुदान मिळतं, पण देखभालीला पैसा कोण देणार? आणि धरण किंवा नदीचा वरचा भाग शहराच्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच खात्याकडे असेल तर कक्षाने काय करायचं?

---

लेखाशीर्ष

देखभालीचा प्रश्न मालकीचा आहे. पाणी मुरवणारा फरसबंद रस्ता घ्या. वर्षातून एक-दोनदा यंत्राने धूळ ओढून काढली नाही तर त्याची छिद्रं बुजतात आणि काही वर्षांत तो साधा रस्ता होतो. रस्ते विभाग म्हणतो, हे पर्जन्य विभागाचं. पर्जन्य विभाग म्हणतो, रस्ता तुमचा. पावसाचं पाणी मुरवणाऱ्या, झाडं लावलेल्या पाणथळ वाफ्यांत हाच वाद उद्यान विभागाशी. म्हणून कामाच्या प्रशासकीय मंजुरीतच तीन ओळी सक्तीच्या करा: हस्तांतरण कोणाकडे, वार्षिक देखभाल किती, कोणत्या लेखाशीर्षातून. स्वीकारणाऱ्या विभागाची सही नसेल तर निविदा काढू नका. काम दोन महिने लांबलं तरी चालेल.

पैशाच्या नियमांत बदल करावा लागतो आणि तो कधी कधी शहराच्या हातात नसतो. कोपनहेगनला पाणी रस्त्यावरून आणि उद्यानांतून न्यायचं होतं, पण पाणीपट्टीतून जमा होणारा पैसा जमिनीवरच्या कामांना वापरता येत नव्हता. राष्ट्रीय नियम बदलल्यावर पाणी कंपनीला अशा कामातला पाण्याशी संबंधित खर्च उचलता आला. आराखडा करताना असे अडसर आधीच शोधून राज्य किंवा केंद्र सरकारकडे नेमका प्रस्ताव द्यावा: अमुक नियम, अमुक कलम, अमुक बदल. ‘निधी द्यावा’ अशा मोघम पत्रांना उत्तर येत नाही.

कायमच्या उत्पन्नासाठी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे २०१० पासून बिगरनिवासी मालमत्तांचं पावसाळी पाण्याचं शुल्क नळाच्या मीटरऐवजी भूखंडाच्या आकारावर आणि त्यावरच्या पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावर आकारलं जाऊ लागलं. मोठं पार्किंग असलेल्यांचं बिल वाढलं, कारण नळ थोडाच वापरला तरी गटारात पाणी सर्वांत जास्त तेच सोडत होते. ज्यांनी पाणी जागेवर मुरवलं त्यांना सवलत मिळते. त्यासाठी हवाई छायाचित्रांवरून प्रत्येक मालमत्तेचं पक्कं क्षेत्र मोजावं लागतं आणि तक्रार निवारणाची सोय पहिल्या बिलाआधी लागते. ही सोय नसेल तर पहिल्याच वर्षी आकारणी न्यायालयात अडकते.

आणखी एक सापळा: पाणी वाचलं की महसूल घटतो. २०१८ च्या दुष्काळात केपटाउनने फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली. लोकांनी वापर कमी केला, आणि विक्रीवर चालणारं पाणी खातं अडचणीत आलं. त्याच वर्षी जोडणीच्या आकारानुसार स्थिर आकार लावावा लागला. लोकांना तो शिक्षेसारखा वाटला. दुष्काळ येण्याआधीच दराचे दोन भाग (एक स्थिर, एक वापरानुसार) करून ठेवले असते तर तो रोष टळला असता.

---

पर्जन्यरेषा

हद्दीबाहेरच्या पाण्याबद्दल. २००६ मध्ये सुरतेत तापीचा पूर आला तो सुमारे १०० किलोमीटर वरच्या उकाई धरणातल्या विसर्गामुळे. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याकडे, बुडालं शहर. पुढे २०१२ मध्ये तिथे हवामान बदलासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि पाणलोट क्षेत्रातल्या पावसापासून शहरातल्या वॉर्डापर्यंत जोडलेली पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली. वेगळी संस्था लागली, कारण महापालिका, राज्याची खाती, उद्योजक आणि संशोधन संस्था यांना एका टेबलाशी बसवणारी चौकट महापालिकेच्या कायद्यात नव्हती.

तुमच्या कक्षाने धरणाच्या मालकाशी लेखी कार्यपद्धती करावी. त्यात हवं ते एवढंच: पाणलोटातल्या पावसाचे आणि धरणातल्या पातळीचे आकडे पावसाळ्यात दर तासाला थेट मिळावेत, विसर्ग ठरावीक टप्प्यांपुढे नेण्याआधी किती तास आधी कळवायचं ते ठरावं, आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची पदनामं त्यात असावीत, व्यक्तींची नावं नकोत. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा रंगीत तालीम. इतक्या क्युसेक्सला (सेकंदाला इतक्या घनफूट विसर्गाला) कोणते रस्ते आणि कोणत्या वस्त्या पाण्याखाली जातात याचा नकाशा आधीच तयार असला पाहिजे. नाहीतर ‘दोन लाख क्युसेक्स सोडले’ हा निरोप मिळूनही वॉर्ड ऑफिसला काही उमगत नाही.

जाता जाता, लंडनच्या थेम्स खाडीचा २०१२ चा आराखडा जरूर अभ्यासा. त्यात या शतकाअखेरपर्यंतच्या सगळ्या कामांच्या तारखा आजच ठरवलेल्या नाहीत. समुद्रपातळीसारखे निर्देशक मोजत राहायचं, ठरावीक मूल्य जवळ आलं की पुढचा निर्णय घ्यायचा, अशी रचना आहे. छोट्या शहरातही हे जमतं. उदाहरणार्थ, समुद्रात किंवा खाडीत उतरणाऱ्या नाल्याचं मुख भरतीमुळे वर्षात किती तास बंद राहतं ते नोंदवत जा. समजा ४०० तासांना पंप लागणारच आहेत, तास दर वर्षी १५ ने वाढताहेत, आणि जमीन, परवानग्या, बांधकाम धरून पंपिंग स्टेशन उभं राहायला ८ वर्षं लागतात. मग प्रस्ताव ४०० ला नाही, २८० ला सभागृहापुढे गेला पाहिजे. हा २८० चा आकडा आणि तो मोजणाऱ्याचं पदनाम आत्ताच्या ठरावात घाला.